दुखत नाही म्हणून सोडू नका: तोंडाच्या आत काय बघायचं आणि कसं

नववीच्या वर्गात श्वसनसंस्था शिकवताना मी दरवर्षी एक खेळ घेते. एका दमात कोण किती मोठा फुगा फुगवतो ते बघायचं, दोरीने माप घ्यायचं आणि फळ्यावर लिहायचं. मुलं धमाल करतात. त्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाला फुगा फुगवताच येईना. कबड्डी खेळणारा, अंगाने तगडा मुलगा, पण गालात हवाच भरत नव्हती. ओठांच्या कडेने फुस्स करून निघून जायची. पोरं हसली, तोही हसला. मला वाटलं दमा असेल. छाती तपासून घ्या म्हणून घरी निरोप पाठवला.

छातीला काही झालं नव्हतं. दोन महिन्यांनी शाळेत दंततपासणी शिबिर झालं. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच हाताची तीन बोटं एकत्र, उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली, तीही ओढूनताणून. मग विचारपूस झाली. सहावीपासून सुपारी. तंबाखू नाही, गुटखा नाही, शाळेच्या वाटेवर मिळणारी गोड सुपारीची छोटी पुडी, दिवसाला चार-पाच. गाल आतून पांढरट आणि ताठ झाले होते. डॉक्टर म्हणाले, बोटाने चाचपलं की आत सुतळी ताणून बांधल्यासारखं लागतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. उर्दूच्या तासाला हा मुलगा शब्द तोंडातल्या तोंडात बोलतो म्हणून मी त्याला दोन वर्षं टोकत होते. ‘मुंह खोल के पढो’ असं चार पोरांसमोर म्हणायची. त्याचं तोंड उघडतच नव्हतं, हे मला कळलं नाही.

त्या शिबिरात डॉक्टरांनी आम्हा शिक्षकांना तासभर बसवून तोंड कसं बघायचं ते दाखवलं. मी डॉक्टर नाही, पण नंतर ह्याबद्दल वाचत गेले, विचारत गेले, आणि घरात, नात्यात, शेजारी लोकांना आरशासमोर उभं करू लागले. आपण दिवसातून पाच वेळा वजूसाठी कुल्ली करतो, पण तोंडाच्या आत डोकावतो का? दात दुखला तरच. आणि इथेच गडबड आहे, कारण तोंडातलं जे दुखतं ते बहुतेक वेळा साधं असतं आणि ज्याची खरी फिक्र करायला हवी ते सुरुवातीला दुखतच नाही.

बघायचं कसं

पाच मिनिटांचं काम आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा. मोबाईलचा टॉर्च, आरसा आणि धुतलेले हात, एवढंच लागतं. कवळी असेल तर आधी काढून ठेवा. बरेच वडीलधारे कवळी लावूनच तोंड उघडतात आणि तिच्याखालची जागा कुणी वर्षानुवर्षं बघत नाही.

आधी तीन बोटांची परीक्षा. बोटं आपलीच हवीत, दुसऱ्याची नाही, कारण ज्याचा जबडा त्याचीच बोटं हे माप बरोबर बसतं. तर्जनी, मधलं आणि अनामिका एकत्र, उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं आरामात जायला हवीत. दोनच जात असतील तर पुढचं काही बघण्याआधीच दाताच्या डॉक्टरकडे जायचं. लहान भाच्यांना, पुतण्यांना मी हे खेळ म्हणून करायला लावते. शिट्टी वाजवून दाखव, जीभ हनुवटीकडे जितकी जाईल तितकी काढ, गाल फुगव. हे जमत नसेल तर कारण शोधायला हवं.

मग ओठ. वरचा ओठ वर करून, खालचा खाली ओढून आतली बाजू बघा. मग गाल. तर्जनीने गाल बाहेरच्या बाजूला ओढा आणि टॉर्च मारा. ओठांच्या कोपऱ्यापासून थेट शेवटच्या दाढेपर्यंत नजर न्या. आतला रंग गुलाबी आणि ओलसर हवा. आता खालचा गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच बघा. ह्या खाचेवर जरा थांबा. तंबाखूची गोळी, मावा, खर्रा लोक तिथेच दाबून ठेवतात आणि आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच, गालाच्या आत किंवा खालच्या हिरडीवर होते. घरात कुणी खात असेल तर त्याला विचारा, कुठल्या बाजूला ठेवतोस? ती बाजू दोनदा बघा.

जीभ बाहेर काढून वरून बघणं सोपं असतं, पण महत्त्वाच्या आहेत तिच्या दोन्ही कडा. स्वच्छ रुमालाने जिभेचं टोक पकडा, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे ओढा, आणि कडा मागपर्यंत बघा. मग जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा. तिथे निळ्या शिरा दिसतील, घाबरू नका. डोकं मागे टाकून टाळू आणि ‘आ’ म्हणत पडजीभ बघा. शेवटी बोट फिरवायचं. डोळ्याला जे दिसत नाही ते कधी कधी बोटाला लागतं, एखादी कडक जागा किंवा गाठ. जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंनाही बोटांनी चाचपून बघा.

आता एक इशारा. पहिल्यांदा टॉर्च मारून बघणारा माणूस हमखास घाबरतो. माझे दीर पहिल्या दिवशी रात्री साडेअकराला फोन करून म्हणाले, भाभी, जिभेच्या मागे मोठमोठे दाणे आहेत. ते सगळ्यांनाच असतात. जिभेच्या अगदी मागच्या भागात आठ-बारा मोठे दाणे उलट्या ‘व्ही’च्या आकारात असतात, चवीचेच. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक छोटा उंचवटा असतो, तिथून लाळ येते. दात जिथे एकमेकांना भेटतात त्या रेषेत गालावर एक पांढरट आडवी रेघ असते. ओठांच्या आत, गालावर रव्यासारखे पिवळसर बारीक ठिपके दिसतात, त्या चरबीच्या ग्रंथी. टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटाही काहींना असतो. रोज्यात दुपारनंतर जिभेवर पांढरा थर येतो तोही तोंड कोरडं पडल्याचा, जिभेवरून ब्रश फिरवला की जातो. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त ओळख करून घ्या, आपलं तोंड नेहमी कसं दिसतं ती. दुसऱ्या महिन्यापासून बदल शोधा.

जे दुखतं ते

‘तोंड आलं’ असं आपण म्हणतो तो छाला सगळ्यांना माहीत आहे. लहान, गोल, मध्ये पिवळसर पांढरा, कडेला लाल वर्तुळ. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. आपल्याकडे ‘पेट की गरमी’ म्हणून सोडून देतात, आणि खरंच साधारण ८ ते १४ दिवसांत तो आपोआप भरतो. पण दर महिन्याला येत असेल तर गरमीला दोष देऊन चालणार नाही. लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड कमी असलं की असे छाले वारंवार येतात. ज्या मुलींचे चेहरे फिकट दिसतात, जिन्यावर दम लागतो, त्यांच्या तोंडात हे जास्त दिसतात असा माझा शाळेतला अनुभव. रक्ताची तपासणी करून घ्या.

तुटलेल्या दाताची धार किंवा सैल कवळी घासूनही जखम होते. इलाज सोपा, दाताची धार घासून घ्यायची, कवळी नीट करून घ्यायची. धार काढल्यावर दोन आठवड्यांत जखम भरली तर ती त्या दाताचीच होती. भरली नाही तर दात हे निमित्त होतं, कारण दुसरंच आहे.

दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर, जे बोळ्याने पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं, ती बुरशी. तान्ह्या बाळांना होते, शुगर वाढलेल्यांना होते, रात्री कवळी न काढता झोपणाऱ्यांना होते, आणि दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांनाही. पंपानंतर चूळ भरायची हे दुकानदार सांगत नाही, डॉक्टर घाईत विसरतात. औषधाने ती जाते. मात्र मोठ्या माणसाला कारण नसताना होत असेल तर शुगर तपासायला हवी.

आणखी एक आजार आमच्या घरातच निघाला. अम्मींच्या, म्हणजे सासूबाईंच्या दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी होती, लेस विणल्यासारखी. इफ्तारला चाट मसाला लागला की त्या तोंडाला पदर लावून बसायच्या. डॉक्टरांनी त्याला लायकेन प्लॅनस म्हटलं. संसर्गाचा आजार नाही, कुणाला लागत नाही. पण कमी-जास्त होत राहतो आणि ठरावीक काळाने दाखवत राहावं लागतं.

जे दुखत नाही ते

पांढरा चट्टा. पुसला तरी निघत नाही, बुरशीत आणि ह्याच्यात हाच फरक. ह्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. बहुतेक चट्टे कॅन्सरमध्ये बदलत नाहीत, पण कुठला बदलेल हे नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही. म्हणून दाखवावाच लागतो. तंबाखू सोडल्यावर काही चट्टे कमी होतात, काही जातातही.

लाल चट्टा, मखमलीसारखा. हा पांढऱ्यापेक्षा कमी लोकांना होतो पण जास्त धोक्याचा असतो. लाल-पांढरा मिसळलेला असेल तर तोही तसाच. ह्याला महिनाभर बघू म्हणत थांबू नका.

न भरणारी जखम. दोन आठवडे हा हिशेब लक्षात ठेवा. तोंडातली जागा लवकर भरते, गाल चावला तर चार दिवसांत पत्ता लागत नाही. मग दोन आठवड्यांनंतरही जी जखम तशीच आहे, जिच्या कडा उचललेल्या आणि कडक आहेत, बोट लावलं की रक्त येतं, ती दुखत नसली तरी दाखवायची. तसंच एखादा दात उगाच हलायला लागणं, ओठाचा किंवा हनुवटीचा भाग बधिर होणं, मानेत न दुखणारी गाठ येणं. कान दुखतो पण कानाचे डॉक्टर म्हणतात कानात काही नाही, अशा वेळी जिभेची मागची बाजू आणि घसा बघायला सांगा.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्याचा आजार. ह्याची सुरुवात तिखट लागण्याने होते. जो मुलगा काल मिरचीचा ठेचा खात होता तो आज साधं सालन खाताना हुश्शहुश्श करतो. घरचे म्हणतात नाजूक झालाय. मग गाल फिके पडतात, कडक होतात, तोंड थोडं थोडं मिटत जातं, इतकं हळू की त्यालाही कळत नाही. तो घास लहान करतो, वडापाव दाबून खातो, मग तुकडे करून. पडजीभही आखडते.

हे कशामुळे होतं? सुपारीमुळे. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे गरजेपेक्षा जास्त बनतात आणि बनलेले नीट विरघळत नाहीत. मऊ गालाचा पट्टा होतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. म्हणजे सत्तर वर्षांपासून नाव आहे, मुंबईतच ठेवलेलं आहे, आणि तरी आमच्या स्टाफरूममध्ये ते एकालाही माहीत नव्हतं. मी स्वतःला त्यातच धरते.

‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता बोलणाऱ्याचं तोंड आधी बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणारी म्हणून नोंदवलं, तंबाखू नसली तरी. पानदान आपल्या घरांत आजही पाहुणचाराचं आहे. निकाह, वलीमा, मेहंदी, सुपारीशिवाय ताट पूर्ण होत नाही. मी पानदान फेकून द्या म्हणत नाही, म्हटलं तरी कोण ऐकणार! पण लहान मुलाच्या हातावर कौतुकाने गोड सुपारी ठेवू नका.

मिश्रीचं काय

गुटखा आणि पानमसाल्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. दुकानात मागून बघा म्हणजे बंदी किती आहे ते कळेल. यंत्रमागाच्या गावांत रात्रपाळीला जाग राहावी म्हणून मावा चालतो, विदर्भात खर्रा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, म्हणजे चारातला जवळपास एक. ह्यात फक्त पुरुष असतील असं वाटत असेल तर चूक आहे.

मिश्री भाजून तयार होते ती तंबाखूच. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या खाला, फूफी, दादी प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दिवसातून चार-चार वेळा, दहा-दहा मिनिटं हिरडीवर बोट फिरतं. विचारलं तर म्हणतात, हे तर मंजन आहे. माझ्या माहेरच्या शेजारच्या खालाजानच्या खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा वर्षभर होता. घरात दोन सुना, तीन मुलं, कुणी पाहिला नाही. कारण बायका तोंड दाखवत नाहीत, मुलांना तर नाहीच. डॉक्टर पुरुष असेल तर नकाब वर करून दात दाखवणंही त्यांना नको वाटतं. मी सुनेला सांगितलं, तू बघ. अम्मीजानच्या पायाला तेल लावतेस तसंच हे. महिला दंतवैद्य शोधून त्या दोघी गेल्या. चट्टा वेळेवर सापडला, तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. खालाजान मिश्री सोडलीय म्हणतात. मी खात्री देत नाही.

तुकडा काढायची भीती

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ हे वाक्य आपल्याकडे शिकलेली माणसंही बोलतात, आणि त्याने माणसं जातात. डॉक्टर संशयास्पद जागेचा एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्यालाच बायोप्सी म्हणतात. ती जागा बधिर केलेली असते, काम थोड्या वेळात होतं. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. पसरतो तो थांबल्यामुळे. लोकांना असं वाटतं कारण बरेच जण इतक्या उशिरा येतात की आजार आधीच पसरलेला असतो, तपासणी होते, महिन्याभरात तब्येत ढासळते, आणि दोष तपासणीला जातो.

नुसतं बघून काय होणार, असंही विचारतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ह्यावर मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर घरोघरी जाऊन लोकांची तोंडं टॉर्चने बघत होते आणि संशय आला तर दवाखान्यात पाठवत होते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, जिथे तोंडं तपासली गेली तिथे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. बघणारे पदवीधर आणि हातात टॉर्च. एम.ए., बी.एड. केलेल्या घरात हे जमणार नाही का?

आपल्याकडे ३० वर्षांवरच्या लोकांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करण्याची सोय आहे. आशाताई घरी येऊन तंबाखू खाता का, तोंडात चट्टा आहे का विचारतात, तेव्हा ‘सब ठीक है’ म्हणून दार लावू नका. दंतवैद्य जवळ नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे तोंडाच्या आजारांचा स्वतंत्र विभाग असतो आणि फी नाममात्र असते. कॅन्सरच निघाला तर परळचं टाटा मेमोरियल आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सुपारी सोडणाऱ्याने सुद्धा ह्यावर फोन करायला हरकत नाही.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गाल पूर्वीसारखे होत नाहीत, पण सुपारी थांबली तर आजार पुढे जाणं बरंचसं थांबतं आणि व्यायामाने, औषधाने थोडं तोंड परत मिळतं. त्याला डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या दिल्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, काही मिनिटं तसंच राहायचं, आणि जमेल तशी आणखी एक काडी आत सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला बारा काड्या जात होत्या. त्याची अम्मी रोज संध्याकाळी कॅलेंडरवर आकडा लिहायची. तो आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारातून डोकावला आणि एवढंच म्हणाला, “टीचर, सतरा.”